सिस्टर, एक विचारू?

पत्र पहिलं

सिस्टर, प्रभूमध्ये सलाम. मी इंदूरचीच, वय 53. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एक वयस्क बाई आमच्याच गल्लीत एकट्या राहतात, सगळे त्यांना मावशी म्हणतात. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. तेव्हापासून दोन्ही वेळचा डबा, सकाळची आंघोळ, औषधं, धुणं सगळं मी बघते. आजवर त्यांच्या तोंडून "बरं केलंस" एवढंसुद्धा आलेलं नाही. मीठ कमी आहे, पोळी जाड झाली, आज उशीर केलास, एवढंच ऐकते. मागच्या महिन्यात महिला मंडळाच्या सभेत दुसऱ्या एका बहिणीचा सेवेबद्दल शाल देऊन सत्कार झाला. ती वर्षातून दोनदा दवाखान्यात फळं वाटते. मी मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन रडले. त्या रात्री डबा घेऊन गेले, तर मावशी म्हणाल्या, "वरणाला फोडणी नाही." मी डबा ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून आले. आता मनाला टोचतंय. येशूच्या नावानं करते म्हणायचं आणि मनातून शाल हवी, मग ही सेवा निःस्वार्थ कशी? बंद करू का? (मला तू म्हणा.)
एक बहीण, इंदूर

उत्तर

बंद करू नकोस. पण जशी चालली आहे तशी चालूही ठेवू नकोस. का ते सांगते.

आधी रडण्याबद्दल. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकटाच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. तेव्हा येशू विचारतो, "बाकीचे नऊ कुठे आहेत?" म्हणजे ते आले नाहीत हे त्यालाही जाणवलं. उपकाराची जाणीव कुणी ठेवली नाही की लागतं, ते त्यालाही लागलं असेल, तर तुला लागलं यात पाप नाही. मात्र त्या नवांना दिलेलं बरेपण त्यानं परत घेतलं नाही. तूही दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींकडे गेलीच असणार. पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस, तरी मला खात्री आहे. शाल हवीशी वाटणं आणि शालीसाठी करणं, यांत फरक आहे. शालीसाठी करणारी बाई दीड वर्ष कुणाला आंघोळ घालत नाही.

तेव्हा तुझा हेतू मी तपासत बसणार नाही. मला काळजी वाटली ती तुझ्या पत्रातल्या एका वाक्याची. "सगळं मी बघते."

मी 36 वर्षं याच शहरात नर्स होते, त्यातली बरीचशी बायकांच्या मेडिकल वॉर्डात. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी माझ्या आत्याला झटका आला, मावशींसारखीच उजवी बाजू. आत्या रामबागेत राहायची. मी रोज सकाळी सात वाजता तिच्याकडे पोचायचे. अंग पुसणं, पाठीला आणि टाचांना तेल-पावडर, चादर बदलणं, नाश्ता, गोळ्या, सगळं तासाभरात आटोपायचं. मंडळीतली आणखी दोन आजारी माणसं मी बघत होते, मला पुढे जायचं असायचं. शेवटी वेणी. आत्याचे केस पांढरे आणि विरळ झाले होते, पण लांब होते. ती डाव्या हातानं कंगवा घ्यायची. तो कपाळावर यायचा, कानावर जायचा, भांग काही सापडायचा नाही. मग मी तो तिच्या हातातून घ्यायचे आणि दोन मिनिटांत वेणी घालून मोकळी व्हायचे. असं पाच महिने चाललं. त्या पाच महिन्यांत आत्या माझ्याशी धड बोलली नाही. दूध गार आहे, चादरीला सुरकुती आहे, एवढंच. मलाही तुझ्यासारखंच वाटायचं. घरी येऊन यजमानांना म्हणायचे, रक्ताचं माणूस असून एक गोड शब्द नाही.

एके दिवशी मी कंगवा घ्यायला हात पुढे केला, तर तिनं तो पाठीमागे नेला आणि मूठ घट्ट आवळली. मी चिडले. म्हटलं, "आत्या, मला अजून दोन घरी जायचंय." ती म्हणाली, "मग जा. मी घालते."

मी गेले नाही, स्टुलावर बसले. समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणून सांगू शकते, बावीस मिनिटं लागली. उजवा हात तिनं डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. केस खांद्यावरून पुढे घेतले. बटा पाडल्या, त्या सुटल्या, परत पाडल्या. एक पेड हनुवटीखाली दाबून धरला आणि दुसरा बोटांत गुंडाळला. भांग वाकडा, वेणी अर्ध्यातच संपलेली, टोकाला रबर काही लागेना. ते तिनं माझ्यापुढे धरलं, मी लावलं. मग तिनं आरसा मागितला, पाहिलं, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मला विचारलं, "चहा घेतेस का?"

नर्सिंगच्या मुलींना मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं की रोग्याला जे करता येतं ते त्याला करू द्या, हात चालेल तेवढा चालू द्या. वॉर्डात ते मला पाठ होतं. आत्याच्या खोलीत मी ते विसरले, कारण तिथे मी सेवा करत होते आणि सेवा माझी होती.

आता मावशींचं मीठ घे. ज्या बाईनं जन्मभर स्वतःचा स्वयंपाक केला, तिच्या हातात आज काय उरलंय? उठायचं तू म्हणशील तेव्हा, आंघोळ तुझ्या वेळेला, जेवण तुझ्या घरी शिजलेलं. फोडणी नाही हे सांगणं तेवढं तिच्या ताब्यात आहे. ती तुला दुखवायला बोलत नसावी. आपल्याला अजून चव कळते, हे ती कुणाला तरी सांगत असावी. मी मावशींना पाहिलेलं नाही, चुकतही असेन. पण एकदा असं समजून वागून बघ.

योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय आपल्या सगळ्यांना पाठ असतो. येशूनं कमरेला रुमाल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुतले. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री दरवर्षी आपण तो ऐकतो. त्याच्या आधीचा बारावा अध्याय मात्र घाईत मागे पडतो. त्यात बेथानीला मरीया येशूच्या पायांना जटामांसीचं महागडं तेल लावते, आपल्या केसांनी ते पुसते, आणि तो ते लावू देतो. "उगाच खर्च झाला" म्हणणाऱ्यांना तो गप्प करतो. आठवडाभरात दुसऱ्यांचे पाय धुणार होता त्यानं आधी स्वतःचे पाय दुसऱ्याच्या हाती दिले. विहिरीवर शोमरोनी बाई भेटली तेव्हाही पहिलं वाक्य "मी तुला देतो" असं नव्हतं. "मला प्यायला पाणी दे" असं होतं. तिच्याकडे घागर होती आणि त्याच्याकडे पाणी काढायला काही नव्हतं. बोलणं तिथून सुरू झालं.

तेव्हा मावशींकडे काहीतरी माग. पावसाळा आहे, बाजारात भुट्टे आलेत. भुट्ट्याचा कीस प्रत्येक इंदुरी बाईचा वेगळा असतो. एखाद्या शनिवारी चार भुट्टे घेऊन त्यांच्याच ओट्यावर उभी राहा आणि विचार, "मावशी, दूध केव्हा घालायचं?" किसायचं काम तू कर, त्यांना खुर्चीवर बसव आणि सांगू दे. मीठही त्यांच्याच डाव्या हातानं पडू दे. जास्त पडलं तर जास्त पडलं, तसंच दोघी खा.

बाकीचंही असंच थोडं थोडं सोडत जा. आंघोळीला त्यांना भक्कम स्टुलावर बसव, तू जवळच थांब, पण तांब्या त्यांच्या डाव्या हातात दे. ब्लाउज घालताना आधी लुळा हात बाहीत, मग चांगला. काढताना आधी चांगला, मग लुळा. हे एकदा जमलं की त्या बऱ्याचशा स्वतः करतील. वेळ लागेल. लागू दे. गोळ्या मात्र तूच मोजून दे, तिथे हयगय नको.

आणि तुझ्या वेळेचं काय, हे तू विचारलेलं नाहीस, पण मी सांगणार आहे. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसतो. त्याचा सासरा इथ्रो येतो, बघतो आणि सांगतो की हे बरं नाही, तूही झिजून जाशील आणि हे लोकही. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जाऊ लागलं, तेव्हा प्रेषितांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगून त्यांच्यावर ते काम सोपवलं. पवित्र आत्म्यानं भरलेल्या माणसांनाही जेवण वाटायला पाळी लावावी लागली, मग तुलाच एकटीला का निभावावं? पुढच्या सभेत उभी राहा आणि सांग, "मंगळवारी आणि शुक्रवारी मावशींचा डबा कुणीतरी घ्या." तक्रारीच्या सुरात नको, सत्काराचा विषय नको. फळं वाटणाऱ्या त्या बहिणीलाच आधी विचार. कदाचित तिला आजवर कुणी विचारलंच नसेल.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दोन गोष्टी तीन ओळींच्या अंतरानं लिहितो. एकमेकांची ओझी वाहा. आणि प्रत्येकानं आपापला भार वाहावा. तरुणपणी मला वाटायचं, याचा मेळ कसा बसायचा? आत्याची वेणी बघितल्यावर बसला. ओझं म्हणजे तिचं लुळं पडलेलं अंग. ते मी उचलायला हवंच होतं. कंगवा हा तिचा भार होता.

एक राहिलं. पत्रात सासूबाई एका ओळीत येऊन गेल्या, पुन्हा कुठे दिसल्या नाहीत. त्या कशा आहेत? पुढच्या पत्रात लिही.

पत्र दुसरं

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही. घरात हा अंक येतो (सूनबाई मागवतात) म्हणून आपलं सदर वाचतो. वय 71, राहणार राजेंद्रनगर. स्पष्ट विचारतो, राग मानू नये. ख्रिस्ती लोक दवाखाने, शाळा, अनाथाश्रम चालवतात याबद्दल मला आदर आहे. पण या सगळ्याच्या मागे माणसं आपल्या धर्मात यावीत हा हेतू असतो, असं सगळेच म्हणतात. हेतू असला तर ती सेवा निःस्वार्थ कशी म्हणायची?
एक वाचक

उत्तर

राग कशाला मानू? तोंडावर विचारलंत हे मोठं झालं. पाठीमागे बोलणारे पुष्कळ भेटतात.

हा प्रश्न जुना आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींना शिकवायचं आणि धर्मात हात घालायचा नाही, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःची प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या पालकांना मी वाईट म्हणत नाही. विश्वासानं लेक दुसऱ्याच्या घरी ठेवली की जीव टांगणीला लागतोच. पण तीन-चार वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा उपाशी मुली गोळा करायला याच रमाबाई तिथे गेल्या, त्यांना केडगावला नेलं, शेती, विणकाम, छापखाना असे हाताला धंदे शिकवले. हेही त्याच रमाबाई.

आमच्या लोकांनी कधी भाकरीबरोबर अट घातलीच नाही, असं मी म्हणणार नाही. जिथे घातली तिथे ती सेवा राहिली नाही, तो सौदा झाला. आपल्या राज्यात प्रलोभन दाखवून धर्म बदलवण्याविरुद्ध 1968 पासून कायदा आहे, 2021 मध्ये तो नव्यानं कडक झाला. पण आम्हांला त्याच्या कितीतरी आधी आज्ञा आहे, "तुम्हांला फुकट मिळालं, फुकट द्या." येशूच्या दाखल्यातला शोमरोनी रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, मालकाला दोन नाणी देतो, आणखी लागलं तर परत येताना देईन म्हणतो आणि निघून जातो. तो कोण, कुठला, कुणाला भजतो, एक प्रश्न विचारत नाही. ज्याला वाचवलं त्याला वाचवणाऱ्याचं नावही कळत नाही.

आता माझं सांगते. माझा प्रभू दुसऱ्यांनाही कळावा असं मला वाटतं का? वाटतं, लपवणार नाही. तुम्हांला तुमचे गजाननमहाराज किंवा दत्तगुरू जेवढे जवळचे, तेवढाच तो मला. कुणी आपणहून विचारलं तर सांगेन. पण इंजेक्शन देताना सुईच्या टोकाला तो हेतू लावायचा नाही, हे मी नोकरीत रुजू झाले त्या वर्षी ठरवलं.

एकदा रात्रपाळीला देवासकडच्या एका खेड्यातली म्हातारी शेवटचे श्वास घेत होती. तिची लेक माझा हात धरून म्हणाली, "सिस्टरजी, गंगाजल मिल जाता तो..." बाहेर अंधार आणि पाऊस. मी चार खाटा सोडून पलीकडे गेले. तिथल्या एका आजीबाईंनी उशाखाली पितळेची छोटीशी बाटली ठेवली होती, ती मागून आणली. लेकीचे हात थरथरत होते, चमचा तिला धरवेना. तिचा हात मी माझ्या हातात धरला आणि दोघींनी मिळून ते पाणी तोंडात सोडलं. माझ्या गळ्यात क्रूस होता. तिनं तो पाहिला, मी तिच्या आईचे डोळे मिटताना पाहिले. मरणाऱ्या माणसाला जे हवं होतं ते मिळालं.

4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात सिस्टर राणी मारिया यांना कॅथलिक मंडळीनं धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्या केरळच्या. उदयनगरकडच्या आदिवासी शेतकऱ्यांना त्या बँकेचं कर्ज मिळवून द्यायच्या, बचत शिकवायच्या, म्हणजे सावकाराचं दार त्यांना गाठावं लागू नये. ते ज्यांना खुपलं त्यांनी 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना मारवलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं 2002 मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. मी त्या मंडळीची नाही, आमच्या उपासनेच्या पद्धती वेगळ्या आहेत. पण एखाद्यानं सेवा कशी असते असं विचारलं, तर मला बँकेच्या रांगेत शेतकऱ्याबरोबर उभी असलेली ती बाई आधी दिसते.

कधी रविवारी संध्याकाळी मोकळे असाल तर सूनबाईंना घेऊन आमच्याकडे चहाला या. पत्ता संपादकांकडे आहे.

पत्र तिसरं

सलाम सिस्टरआजी. मी 22 वर्षांचा आहे. आमचा तरुण संघ नाताळात सरवटे बसस्टँडजवळ आणि मोठ्या दवाखान्याच्या बाहेर ब्लँकेट वाटतो. यंदा काही जण म्हणतात फोटो आणि रील टाकायचे, त्यानं देणगी वाढते. काही जण म्हणतात उजवा हात करतो ते डाव्याला कळू नये. भांडण झालंय. काय करावं?
स., विजयनगर

उत्तर

बाळा, दोन्ही बाजू बायबलमधून बोलतायत. तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या असं मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहे, कर्णा वाजवू नका असं सहाव्यात. देणगी देणाऱ्याला हिशोब मिळालाच पाहिजे. यरुशलेमेसाठी वर्गणी नेताना पौलानं मुद्दाम बरोबर माणसं घेतली, कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून. तेव्हा ब्लँकेटच्या गठ्ठ्याचा फोटो टाका, दुकानाच्या बिलाचा टाका, किती आणली आणि किती वाटली ते लिहा. घेणाऱ्याचा चेहरा नको. रात्रीच्या थंडीत फुटपाथवर झोपलेला बाप उद्या गावी गेला आणि त्याच्या लेकराच्या फोनवर त्याचाच हात पसरलेला फोटो आला तर? तुझ्या बाबांचा असा फोटो निघाला असता तर तुला कसं वाटलं असतं, एवढं भांडणाऱ्यांना विचार.

आणि वाटायला जाण्याआधी दोन दिवस एकदा रिकाम्या हातानं जाऊन ये. दवाखान्याबाहेर झाबुआ-अलीराजपूरकडची माणसं आठ-आठ दिवस बसून असतात, त्यांच्याजवळ बस आणि काय हवंय ते विचार. मी नोकरीत असताना थंडीच्या रात्री ड्यूटी संपवून बाहेर यायचे, तेव्हा बऱ्याच जणांकडे ब्लँकेट दोन-दोन झालेली असायची. बाळंतिणीची आई मात्र माझ्याकडे गरम पाणी मागायची, थर्मासात भरून नेण्यासाठी. ते त्या वेळी कुठेच मिळायचं नाही.